हवा दिसत नाही, पण मुलांना ती दाखवता येते

रविवारी सकाळी वंदना झाली की विहारात आम्ही लहान मुलांचा वर्ग घेतो. चार ते नऊ वर्षांची वीस-पंचवीस मुले असतात. एका रविवारी आम्ही घरातला साधा ग्लास मुलांसमोर धरला आणि विचारले, "यात काय आहे?"

"काहीच नाही!" सगळी एका सुरात ओरडली.

मग कागदाचा बोळा ग्लासाच्या तळाशी घट्ट बसवला. पाण्याने भरलेली बादली पुढे घेतली. ग्लास पालथा करून सरळ खाली, तळापर्यंत बुडवला आणि तसाच सरळ वर काढला. कागद कोरडा! मुले पुढे सरकली. एकेकाने बोट लावून पाहिले. पुन्हा ग्लास बुडवला आणि या वेळी थोडा तिरका केला. बुडबुड करत बुडबुडे वर आले आणि कागद भिजला. सहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आत कुणीतरी बसलं होतं. ते बाहेर गेलं, मग पाणी आत आलं."

त्या 'कुणीतरी'चे नाव हवा. "या आणि स्वतः पाहा," असे तथागतांचा धम्म सांगतो. मुलांना हवा शिकवायची ती याच रीतीने. पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेतली तर ती परीक्षेपुरती राहते. स्वतःच्या हाताने पाहिलेले मूल विसरत नाही.

'पोट दुखतं' म्हणणारा मुलगा

हा वर्ग आम्ही का सुरू केला, ते सांगितले पाहिजे. वस्तीतला चार वर्षांचा एक मुलगा सारखा 'पोट दुखतं' म्हणायचा. आई त्याला ओव्याचे पाणी द्यायची, पोटाला तेल लावायची. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रात्री त्याला आमच्याकडे आणले तेव्हा त्याच्या बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. पोटात काही नव्हते. त्याला न्यूमोनिया झाला होता. सरकारी रुग्णालयात ऑक्सिजन लावावा लागला, सात दिवस ठेवावे लागले. पोर वाचले.

आईची चूक नव्हती. लहान मुलाला धाप लागते तेव्हा पोटही जोरात हलते. छातीच्या खालच्या भागात जंतुसंसर्ग झाला तर दुखणे पोटात जाणवते. 'मला श्वास घेता येत नाही' हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते, कारण श्वास म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. भूक, तहान, शी, शू हे शब्द आपण मुलाला आधी शिकवतो. ज्याच्याशिवाय माणूस काही मिनिटेही जगत नाही, त्या श्वासाचा शब्द मात्र शिकवायचा राहून जातो.

म्हणून हवा हा केवळ शाळेच्या विज्ञानाचा धडा नाही. ज्या मुलाला श्वास कळतो, ते मूल वेळेत सांगते.

घरात करता येतील असे खेळ

या खेळांना पैसे लागत नाहीत. आई, आजी किंवा मोठी ताई, कुणीही घेऊ शकते.

पहिला खेळ ग्लास-बादलीचा, तो वर सांगितलाच.

दुसरा खेळ पोटावरच्या वाटीचा. मुलाला चटईवर उताणे झोपवा आणि पोटावर रिकामी प्लास्टिकची वाटी ठेवा. श्वास आत गेला की वाटी वर, बाहेर आला की खाली. मग नाकाखाली वहीच्या कागदाची बारीक पट्टी धरायला सांगा. पट्टी कशी हलते ते मूल बघत बसते. आता त्याला शब्द द्या: 'हा श्वास. हवा नाकातून छातीत जाते. छातीत फुफ्फुसे नावाच्या दोन पिशव्या आहेत, त्यात ती भरते.' बालवर्गात आपण आनापान घेतो, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. वाटीचा खेळ खेळलेली मुले त्यानंतर पाच मिनिटे शांत बसतात. कशाकडे लक्ष द्यायचे ते त्यांना आता ठाऊक असते.

तिसरा खेळ चण्या-शेंगदाण्यांचा. ७८ चणे, २१ शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा ताटात ठेवा. चणे म्हणजे नायट्रोजन, शेंगदाणे म्हणजे ऑक्सिजन, गुळाचा खडा म्हणजे बाकीचे सगळे वायू. हवेचे शंभर भाग केले तर साधारण असे असतात. आपल्या शरीराला हवे असतात ते शेंगदाणे. मोजून झाले की खाऊन टाका. मोजणीही होते आणि खाऊही.

चौथा खेळ वासाचा. मुलांना डोळे मिटून खोलीभर बसवा. एका कोपऱ्यात संत्र्याचे साल मोडा. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. आधी जवळची मुले हात वर करतात, मग मधली, मग दाराजवळची. मुलांना विचारा, 'वास चालत कसा गेला?' हवा एका जागी थांबत नाही, एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाते, हे त्यांना इथे कळते. आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना आम्ही पुढचेही सांगतो. आपल्या पूर्वजांसाठी पाणवठा वेगळा केला, रस्ता वेगळा केला, सावलीचाही विटाळ मानला. पण हवा वेगळी करणे कुणालाच जमले नाही. विटाळ मानणाऱ्याच्या छातीतून निघालेली हवाच आपल्या छातीत येत होती आणि आपली त्यांच्या छातीत जात होती. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे चांगले समजते, ती हसतात.

पाचवा खेळ तेलकट कागदाचा. पांढऱ्या कागदाच्या तीन तुकड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. एक चुलीजवळ, एक दाराशी आणि एक विहारात टांगा. तीन दिवसांनी शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठला काळा झाला? मुले स्वतःच उत्तर देतात. इथे एक गोष्ट जरूर सांगा. कागदावर दिसते ती जाड धूळ, आणि तिच्यातली बरीचशी नाकातच अडकते. खरा धोका बारीक कणांचा. धुरातले जे कण पीएम २.५ म्हणून ओळखले जातात, ते डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही तर रक्तातही मिसळतात.

आपल्या घरातला धूर

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या शरीरात आपल्यापेक्षा जास्त हवा जाते, म्हणून हवेतली घाणही जास्त जाते. त्याची फुफ्फुसे अजून वाढत असतात. शिवाय ते उंचीने लहान. रिक्षाचा, ट्रकचा धूर त्याच्या तोंडाच्या उंचीवरच सुटतो.

हा धूर कुठून येतो, याची यादी आम्ही मुलांकडूनच करून घेतली. सिलिंडर संपला की पेटणारी चूल. चूल पेटायला घातलेली प्लास्टिकची पिशवी. तव्यावर भाजली जाणारी मशेरी. रात्रभर जळणारी डासांची कॉइल. बाबांची बिडी. गल्लीच्या टोकाला पेटवलेला कचरा. तांबे काढायला जाळलेल्या वायरी. बाळ-बाळंतिणीची शेक-शेगडी आणि धुरी.

इथे आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगतो. वर्गात आम्ही प्लास्टिकच्या धुराला 'विष' म्हटले. एक मुलगी घरी गेली आणि आईला म्हणाली, "तू आम्हाला विष देतेस." ती आई चार घरची धुणीभांडी करून येते आणि सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटवते. ती विहारात येऊन रडली. म्हणाली, "ताई, मला हौस आहे का धुरात बसायची?" त्या दिवसापासून आम्ही मुलांना 'कोण जाळतं' हे विचारणे सोडले आणि 'काय करता येईल' हे विचारू लागलो. मुलाच्या तोंडून आईला दोष द्यायचा, हे काही शिक्षण नाही. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून जोडणी मिळू लागली, पण पुढचा सिलिंडर भरायचा खर्च घरालाच करावा लागतो. हे आपण विसरता कामा नये.

काय करता येईल, ते असे. चूल पेटवायचीच असेल तर दाराबाहेर, आडोशाला पेटवा. लाकूड सुके घ्या, ओले लाकूड जास्त धूर करते. पेटवायला प्लास्टिक किंवा रबर नको, सुकी काटकी किंवा नारळाची किशी चालेल. स्वयंपाक करताना लेकरू कडेवर किंवा पाठीशी नको, ते कुणाकडे तरी द्या. मशेरी सोडलीत तर उत्तमच, कारण ती तोंडालाही घातक आहे. पण निदान मूल घरात असताना ती भाजू नका. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. झाडण्याआधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. बिडी ओढणाऱ्याने घराबाहेर ओढावी आणि आल्यावर हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यावे.

वायर जाळून तांबे काढणाऱ्या घरांना 'बंद करा' म्हणणे सोपे आहे, पण त्यावर त्यांची चूल चालते. भंगार गोळा करणाऱ्या बायकांनीच आम्हाला सांगितले की सोललेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा चांगला भाव मिळतो. म्हणून जाड वायर सोलून काढणे फायद्याचे आहे. बारीक वायर सोलायला वेळ लागतो, हे खरे. पण ती जाळली तर निदान मुले जवळ नकोत.

बाळंतिणीच्या शेगडीबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस दगावू शकतो. ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देणे ही आजीची माया आहे, पण पंधरा दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसाला ती सोसत नाही. बाळाला ऊब हवी असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. त्यासारखी ऊब दुसरी नाही.

विहारातली अगरबत्ती

एका रविवारी आनापान चालू होते. डोळे मिटलेले. एक मुलगा खोकू लागला, मग दुसरा. सात वर्षांच्या मुलीने डोळे उघडून विचारले, "ताई, श्वासाकडे बघा म्हणता, पण श्वासात अगरबत्तीच येतेय. इथे एवढ्या का लावतात?"

खिडक्या बंद होत्या आणि मूर्तीसमोर अगरबत्तीचे दोन पुडे जळत होते. आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही प्रश्न विहार समितीपुढे ठेवला. एक ज्येष्ठ उपासक रागावले. "आज अगरबत्ती, उद्या म्हणाल वंदनाच नको," असे ते म्हणाले. त्यांचा राग आम्हाला समजतो. हे विहार लोकांनी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून बांधले आहे. तिथली प्रत्येक गोष्ट त्यांना जिवाची वाटते. दुसऱ्या एका आजींनी मात्र एवढेच म्हटले, "बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं. आता नातीनं विचारला तर तिला गप्प बसवायचं का?"

दोन बैठका झाल्या. शेवटी ठरले की वंदनेला एकच अगरबत्ती लावायची, तीही दाराशी, खिडक्या उघडून. पूजेला फुले आहेतच. मेणबत्त्याही मोजक्याच. बालवर्गाच्या वेळी काहीच पेटवायचे नाही. रागावलेले उपासक अजून पूर्ण राजी नाहीत, पण दर रविवारी खिडक्या आता तेच उघडतात. आपापल्या विहारात हा विषय काढावा, अशी आमची विनंती आहे. कुणाचे मन न दुखावता तो काढता येतो.

श्वास मोजा

प्रत्येक आईला, आजीला आणि घरातल्या मोठ्या भावंडाला हे यायलाच हवे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करा. मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल कण्हत असेल, दूध-पाणी घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडले असेल किंवा झटका आला असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. ओवा, वेखंड, छातीला डाग देणे, उरलेले जुने औषध पाजणे, यात वेळ घालवू नका. न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत सरकारी केंद्रात मोफत मिळते. मुलाचे कार्ड आजच काढून बघा.

ज्या मुलांना दमा आहे त्यांच्या घरी आम्हाला हमखास विचारतात, "पंपाची सवय लागते ना?" लागत नाही. पंपातले औषध थेट फुफ्फुसात जाते, म्हणून ते फार थोडे लागते. डॉक्टरांनी दिलेला पंप लाजेखातर लपवू नका आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

ज्याचे पोट दुखत होते तो मुलगा आता पावणेपाच वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याने आईला सांगितले, "आई, हवा आत जात नाही." आईने मोबाइल घेतला आणि मोजले. ४८ भरले. ती तशीच त्याला घेऊन दवाखान्यात गेली. या वेळी औषधावर भागले, ऑक्सिजन लागला नाही.

हवेवर कुणाचा हक्क?

घरातला धूर आपण कमी करू, पण बाहेरचा? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. निसर्गाने सर्वांना दिलेले पाणी आम्हालाही मिळाले पाहिजे, एवढीच ती मागणी होती. मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली तीही १९२७ सालीच. शहराने कचरा कुठे टाकायचा हे ठरवले आणि त्याच्या भोवती कोण राहायला आले ते आपण जाणतो. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, कित्येक दिवस धूर निघत राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हवा सगळ्यांची असली तरी धूर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

हे फक्त आपल्याच देशात आहे असेही नाही. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने हवेचे प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याचे नोंदवले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच झाले. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहितात, दमा लिहितात. धूर कुणी लिहीत नाही.

म्हणून नोंद आपणच ठेवायची. आपल्या बालवर्गातल्या मोठ्या मुलांनी एक वही केली आहे. विहाराच्या गच्चीवर रिबन बांधली आहे, वारा कुठून येतो ते तिच्यावरून कळते. तारीख, वेळ, धूर कुठून आला, कशाचा वास होता, कोण खोकले, एवढे ती लिहितात. सरकारच्या 'समीर' ॲपवर शहरातल्या हवेचा आकडा दिसतो. तो २०० च्या वर गेला की हवा 'खराब' समजतात, त्या दिवशी लहान मुलांना धावण्याचे खेळ नकोत. पण ते यंत्र आपल्या गल्लीत नसते, वही असते.

ती वही घेऊन आम्ही महिला वॉर्ड कार्यालयात गेलो. दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा अर्जाची पोच घेऊनच उठलो. जीविताच्या हक्कात, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये दिला आहे. अर्जात हे दोन्ही लिहा. गल्लीच्या टोकाचा कचरा आता आठवड्यातून तीनदा उचलला जातो. जाळणे थांबलेले नाही, कमी झाले आहे. वही चालू आहे.

येत्या रविवारी आपल्या विहारात ग्लास, कागदाचा बोळा आणि पाण्याची बादली घेऊन बसा. 'यात काय आहे?' एवढे विचारा. पुढचे प्रश्न मुले विचारतील. तेवढ्या खिडक्या मात्र आधी उघडा.

जयभीम. नमो बुद्धाय.